कोकणात हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज कमी का येतं? नव्या मालकांनी कुठून तपासायला सुरुवात करावी

शोरूममध्ये लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा ऐकून ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर घरी आणली, आणि पहिल्या दोन टाक्यांचा हिशेब एकोणीस-वीसवर येऊन थांबला, की मन खट्टू होतं. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाख जास्त मोजलेले असतात. मग शेजारी, भाचा, पंपावरचा ओळखीचा माणूस, जो तो बॅटरीवर बोट ठेवतो. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. कारण असतं रस्त्यात, हवेत, चालवण्याच्या सवयीत किंवा मोजण्याच्या पद्धतीत. क्वचित खरोखरच बिघाड असतो, आणि समुद्राकाठी तो ठरावीक जागी होतो. म्हणून तपास क्रमाने करायचा: आधी मोजणं, मग रस्ता ओळखणं, मग सवयी, आणि सर्वात शेवटी गॅरेज. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि प्रश्न तसाच राहतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ती मुख्यतः दोन प्रकारे. ब्रेक लावताना किंवा उतारावर वाया जाणारी शक्ती ती वीज करून बॅटरीत भरते, आणि संथ वेगात, जिथे इंजिन फुकट पेट्रोल जाळतं, तिथे ती इंजिन बंद ठेवते. जिथे परत मिळवण्यासारखं काही नसतं, किंवा मिळवलेलं ठेवायला जागा नसते, तिथे ती एक चांगली पेट्रोल गाडी असते, इतकंच. त्यामुळे प्रत्येक प्रवासाला एकच प्रश्न विचारायचा: या रस्त्यावर गाडीला काय परत मिळालं?

आधी आपली गाडी कोणती ते बघा

हायब्रिड या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिड, म्हणजे मारुतीची ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणून ओळखली जाणारी गाडी, नुसत्या विजेवर चालत नाही. छोटी मोटर इंजिनाला जरासा हात देते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करते. ग्रँड व्हिटाराच्या मॅन्युअल माइल्ड हायब्रिडचा कंपनीचा आकडाच २१.११ आहे. तुमची गाडी ही असेल आणि तुम्ही अठ्ठावीसची वाट बघत असाल, तर गाडीचा काही दोष नाही.

स्ट्राँग हायब्रिड विजेवर स्वतः चालते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड, होंडा सिटी ई-एचईव्ही, इनोव्हा हायक्रॉस आणि तिचीच बहीण इनव्हिक्टो या त्यातल्या. ही गाडी चार्जिंगला लावायची नसते, बॅटरी चालता चालताच भरते. पडद्यावर मधूनमधून ईव्ही असं हिरवं चिन्ह दिसत असेल आणि इंजिन बंद असतानाही गाडी पुढे सरकत असेल, तर तुमची गाडी स्ट्राँग हायब्रिड आहे. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

मोजणं नीट करा, अर्धा गोंधळ इथेच मिटतो

पडद्यावरचा आकडा अंदाज घ्यायला ठीक आहे, हिशेबाला नाही. टाकी फुल करा, पंपाच्या नोझलने पहिल्यांदा कट मारला की तिथेच थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. ‘दोन हजारचं टाका’ अशी सवय असेल, तर निदान महिनाभर ती सोडा, कारण अर्धवट भरलेल्या टाकीवरून ॲव्हरेज निघत नाही. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत निष्कर्षही काढू नका. इंजिन, टायर आणि चालवणाऱ्याचा पाय, तिन्ही तोवर रुळायचे असतात.

हायब्रिडमध्ये छोट्या प्रवासाचा आकडा विशेष फसवा असतो. निघताना बॅटरी भरलेली आणि पोचताना रिकामी, किंवा याच्या उलट, असं घडतं. या गाड्या बॅटरीचा मधला भागच वापरतात. ग्रँड व्हिटाराच्या ०.७६ युनिटच्या बॅटरीतला साधारण ०.३ युनिट हातात असतो असं धरा. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. तेवढी वीज इंजिनाने तयार करायची म्हटली तर सुमारे १०० मिली पेट्रोल लागतं. दहा किलोमीटरच्या फेरीत गाडी अर्धा लिटर पेट्रोल खात असेल, तर त्यात १०० मिलीचा फरक म्हणजे पाचवा हिस्सा झाला. म्हणजे तीच गाडी, तोच रस्ता, आणि एकदा आकडा वीस तर एकदा पंचवीस. चारशे किलोमीटरवर मोजलंत तर हा फरक कुठल्या कुठे विरून जातो.

दुसरी चूक घाटातून ये-जा करणाऱ्यांची. घाट चढताना पडद्यावर १० दिसला, उतरताना ४०, म्हणून सरासरी २५ असं मनात धरलं जातं. हिशेब लिटरने करा. दहा किलोमीटर चढायला एक लिटर, दहा किलोमीटर उतरायला पाव लिटर. वीस किलोमीटरला सव्वा लिटर, म्हणजे खरं ॲव्हरेज १६. चढावर गेलेलं पेट्रोल उतारावर सगळं फिटत नाही, हे या एका गुणाकार-भागाकारातून कळतं.

आणि मोजायचं ते जाऊन-येऊन. कोल्हापूरहून रत्नागिरीला उतरणाऱ्याला गाडी देवासारखी वाटते, रत्नागिरीहून कोल्हापूरला चढणाऱ्याला ती पेट्रोल पिणारी वाटते. दोघांची गाडी एकच असू शकते.

कंपनीच्या आकड्यामागचा रस्ता

२७.९७ हा आकडा खोटा नाही. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर उभी असते, ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवला-कमी केला जातो, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी बत्तीसच्या आसपास. एसी बंद. चढ नाही, पाऊस नाही, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत. या तक्त्यात थांबणं-निघणं भरपूर आहे, म्हणजे हायब्रिडला हवं तेच. त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडचा आकडा चाचणीत जास्त खुलतो आणि प्रत्यक्षात जास्त उतरल्यासारखा वाटतो. एका गाडीशी दुसरी गाडी ताडून बघायला हा आकडा उत्तम आहे, महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडायला नाही.

यात पेट्रोलचीही भर पडली. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे मिश्रणाच्या दर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर काही भाग भरून निघतो, सगळा नाही. याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, फक्त हिशेबात धरायचं.

सह्याद्रीचे घाट: जिथे बॅटरी तोकडी पडते

कोकणातल्या हायब्रिडचं खरं गणित इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

माणसं आणि सामान धरून १,६०० किलोची गाडी ५०० मीटर उंच चढवायची आहे. कुंभार्ली असो, आंबा असो, फोंडा असो, की आंबोली, साधारण या पट्टीतलंच काम. नुसती उंची गाठायला २.२ युनिट इतकी ऊर्जा चाकांपर्यंत पोचावी लागते. इंजिन चांगलं चाललं तरी पेट्रोलमधल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडाच जास्त भाग चाकांना मिळतो. म्हणजे गाडी फक्त वर उचलायला पाऊण लिटर, आणि रस्ता कापायला लागणारं वेगळं. दहा किलोमीटरच्या चढावर पडद्यावर आठ-नऊचा आकडा दिसला तर घाबरू नका. भौतिकशास्त्र प्रत्येक गाडीकडून हे पैसे घेतं. बॅटरीची मदत चढाच्या पहिल्या वळणांवरच संपते, आणि त्यानंतर इंजिनच सगळं ओढतं. ते मोठ्याने ओरडतं, कारण ई-सीव्हीटी ही गिअरच्या पायऱ्या नसलेली यंत्रणा इंजिनाला ताकद असलेल्या वेगावर धरून ठेवते. गिअर बदलल्याचा आवाज न आल्यामुळे नवख्याला काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. तसं काही नसतं.

आता उतार. तीच २.२ युनिट परत मिळायला हवीत. चाकांचं घर्षण आणि वारा काही खाणार, तरी दीडच्या वर उरतात, आणि मोटरने पकडताना होणारी गळती वजा करून एक युनिट तरी बॅटरीत जाण्याजोगं असतं. पण बॅटरीत जागा ०.३ युनिटची. पावसाळ्यात पागोळीखाली ठेवलेला हंडा भरला की पुढचं पाणी अंगणातून वाहून जातं, तसं घाटाचा पहिला तिसरा भाग उतरेपर्यंत बॅटरी भरते आणि उरलेल्या उताराची सगळी कमाई ब्रेकच्या उष्णतेत किंवा इंजिन नुसतं फिरवण्यात जाते. बॅटरी भरल्यावर उतरताना इंजिन अचानक घरघरायला लागतं, यालाही लोक घाबरतात. त्या वेळी त्यात पेट्रोल जात नाही. गाडी इंजिनाला नुसतं फिरवून वेग आवरत असते.

इथे करण्यासारख्या गोष्टी दोन. उतार सुरू होण्याआधी माथ्यावर सपाटीचा रस्ता मिळतो, तिथे हलक्या पायाने किंवा ईव्हीचं बटण दाबून बॅटरी उतरवून घ्या, म्हणजे उतारावर भरायला जागा होते. दुसरी, लांब आणि तीव्र उतारावर गिअरचं बी हे स्थान वापरा, त्यात पाय उचलताच गाडी स्वतःच वेग आवरते. काही गाड्यांत स्टिअरिंगमागे त्यासाठी पॅडल असतात. बी मुळे ब्रेक कमी तापतात. ॲव्हरेजपेक्षा हे मोठं कारण आहे, आणि पावसात धुकं उतरलेल्या आंबोलीत तर त्यात तडजोडच नको. सपाट रस्त्यावर मात्र बी लावून ठेवू नका, विनाकारण वेग मरतो.

सडा आणि खाडी: जिथे हायब्रिड शोभते

आता याच्या उलट चित्र. सागरी महामार्गावर किंवा आतल्या रस्त्यांवर गाडी सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या पठारावरून, खाडीकडे उतरते, पूल ओलांडते, पुन्हा सड्यावर चढते. एका उताराला समजा १०० मीटर. त्यातून मिळणारी वीज बॅटरीत आरामात मावते आणि पुढच्या चढाला लगेच वापरली जाते. दापोली-हर्णै, गुहागर, देवगड, मालवण या बाजूला हळूहळू चालवणाऱ्यांना चांगलं ॲव्हरेज मिळतं ते म्हणूनच. कोकणातला चढउतार हायब्रिडला वाईट, असं सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. मोठे घाट वाईट, छोटे चढउतार चांगले.

अट एकच. ब्रेक लवकर आणि हलका लावायचा. मोटर एका मर्यादेपर्यंतच शक्ती पकडू शकते. वळणावर शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबलात की काम साध्या ब्रेककडे जातं आणि वीज मिळत नाही. पडद्यावर शक्ती दाखवणारा काटा असतो. तो चार्जच्या पट्टीत राहील एवढाच ब्रेक लावायची सवय करा. गावातल्या गतिरोधकांवर ही सवय सर्वात लवकर लागते. पुढे एसटी थांबलेली दिसली, तेव्हाच पाय उचला.

महामार्गाचा वेग

मुंबई-गोवा महामार्ग जिथे चौपदरी झालाय, तिथे ताशी शंभरने जाण्याचा मोह होतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर प्रत्येक किलोमीटरला वारा ५६ टक्के जास्त जोराने अडवतो. ब्रेक लागत नाही, म्हणून परत काही मिळत नाही, आणि इंजिन सतत चालू. कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाटाचा चढ वाचला, पण वाचलेलं पेट्रोल आपण पुढच्या सरळ पट्ट्यात उडवतो. पनवेल ते सावंतवाडी एकदा ८० धरून जा आणि टाकीचा हिशेब करा. माझ्या मते एसी लावून, चार माणसं घेऊन, या वेगात २७.९७ वाली गाडी वीसच्या वर राहिली, तर तिच्यात बिघाड शोधण्यात अर्थ नाही.

तुमचं सगळं चालणं असं लांब आणि वेगाचं असेल, आठवड्याला घाट चढून कोल्हापूर किंवा पुणे, तर गाडी घेण्याआधीच विचार करा. हायब्रिडसाठी दिलेले जादा पैसे अशा वापरात फार हळू सुटतात.

घर ते बाजार

सकाळी गाडी सुरू केली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन चालू होतं. कारण इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायचा असतो. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. घरापासून जेट्टी दोन किलोमीटर, मासळी घेतली, परत. इंजिन नीट तापेपर्यंत घर आलं. तास-दोन तासांनी पोराला शाळेतून आणायला पुन्हा तेच. हायब्रिडचा फायदा ज्या संथ गावरस्त्यात मिळायला हवा, तिथेच तो असा निसटतो. उपाय साधा आहे: कामं एका फेरीत उरका. अर्ध्या तासात पुन्हा निघालात तर इंजिन गरम असतं आणि गाडी बराच वेळ विजेवर चालते. दोन किलोमीटरला स्कूटर काढली तर अजून उत्तम.

उकाडा, पाऊस आणि फेरीबोटीची रांग

परदेशातल्या लेखांत हायब्रिडचं ॲव्हरेज थंडीने पडतं असं वाचायला मिळतं. आपल्याकडे ते काम एप्रिल-मेचा दमट उकाडा करतो. कोकणात एसीला हवा नुसती थंड करायची नसते, तिच्यातला ओलावाही काढायचा असतो, आणि त्यात बरीच शक्ती जाते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी थंडावा मिळतो. पण ती वीज त्याच छोट्या बॅटरीतली. एसीने ताशी एक युनिट घेतलं, तर पाव ते अर्ध्या तासात बॅटरी उतरते आणि ती भरायला इंजिन सुरू होतं.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघीच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभे आहात, एसी चालू आहे, आणि दर थोड्या वेळाने इंजिन आपोआप चालू-बंद होतंय, तर ते ठीकच आहे. फक्त लक्षात घ्या की शून्य किलोमीटर चालून तासाला पाव ते अर्धा लिटर पेट्रोल गेलं. गणपतीच्या गर्दीत महामार्गावर अडकलात तरी हाच हिशेब. अशा वेळी गिअर एन मध्ये ठेवू नका. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये एन मध्ये बॅटरी भरली जात नाही, आणि ती फार उतरली की पुढे इंजिनावर दुप्पट भार येतो. थांबायचं असेल तर पी. बोटीत गाडी चढवल्यावर ती पूर्ण बंद करा. पडद्यावर रेडी असं दिसत असेल तर आवाज नसला तरी गाडी चालू आहे, आणि लहान मूल आत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताच एसी शेवटच्या पायरीवर लावू नका. दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा घालवा, मग काचा लावून आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा आणि तापमान २५-२६ वर ठेवा. बाहेरची दमट हवा सतत आत घेतली तर एसीची मेहनत वाढतच राहते. पावसाळ्यात मात्र हे उलट होतं. आतली हवा फिरवत राहिलात तर काचेवर वाफ धरते, तेव्हा बाहेरची हवा घ्या आणि एसी चालू ठेवा. त्यात थोडं ॲव्हरेज जाईल, जाऊ द्या, समोरचं दिसणं महत्त्वाचं. ओल्या रस्त्यावर चाकांनाही पाणी बाजूला सारत जावं लागतं. जुलै-ऑगस्टचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडू नका. मागच्या जुलैशी ताडा.

हवा, ओझं आणि छतावरचं कॅरिअर

टायरमधली हवा हा सर्वात स्वस्त उपाय आहे आणि सर्वात दुर्लक्षितही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिलेले असू शकतात. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. पंक्चरवाला सगळ्यांना एकाच अंदाजाने हवा भरतो, त्याला आकडा सांगा. टायर बदललेत का? कंपनीचे मूळ टायर बहुधा हलके फिरणारे असतात. त्याजागी रुंद किंवा दिखाऊ टायर बसवले की तेव्हापासून ॲव्हरेज उतरतं, आणि दोष बॅटरीला जातो.

ओझ्याबद्दल मात्र लोक उगाच जास्त काळजी करतात. हापूसच्या पेट्या भरून १०० किलो जादा झाले, तर तेवढं वजन ५०० मीटर चढवायला जेमतेम ५० मिली पेट्रोल लागतं. छतावरचं कॅरिअर त्याहून वाईट. गणपतीला सामानासाठी लावलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच राहतं, आणि रिकामं असलं तरी प्रत्येक किलोमीटरला वारा अडवतं. काम झालं की उतरवून ठेवा.

बटणांचा मोह

ईव्ही बटण दाबून गाडी जबरदस्तीने विजेवर चालवणं म्हणजे बचत, असं नव्या मालकाला वाटतं. ती वीज पेट्रोलमधूनच आलेली असते. बॅटरी उतरली की इंजिनाला गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते, आणि भरताना-काढताना दोन्ही वेळा थोडी वाया जाते. इंजिन कधी चालू करायचं हे गाडीवर सोडा. घाटमाथ्यावर सांगितलेली वेळ, किंवा मध्यरात्री वाडीत आवाज न करता शिरायचं असेल तेव्हा, एवढ्यापुरतं ते बटण ठीक.

इको मोड रोजच्या वापरात लावून ठेवा. पॉवर मोड घाटात ओव्हरटेक करताना उपयोगी पडतो, पण नंतर विसरू नका. आणि फार हळू, गोगलगायीच्या चालीने वेग वाढवण्याची गरज नाही. मध्यम जोराने हव्या त्या वेगाला पोचा आणि मग पाय हलका करा, गाडी पटकन विजेवर येते.

समुद्राकाठचे खरे बिघाड

इथपर्यंत सगळं तपासलं, त्याच रस्त्यावर, त्याच मोसमात, जाऊन-येऊन मोजलं, तरी ॲव्हरेज एकदम पडलेलं दिसतंय. आता गाडीकडे बघायचं.

पहिली जागा ब्रेक. हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेकच्या डिस्क कमी घासल्या जातात. खाऱ्या हवेत त्यावर गंज लवकर चढतो, डिस्क दाबून धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना अडकतात आणि ब्रेक पूर्ण सुटत नाही. गाडी कायम थोडा ब्रेक लावल्यासारखी चालते. ओळखायचं कसं? सपाट रस्त्यावर पाय उचलल्यावर गाडी पूर्वीसारखी लांब घरंगळत नाही. प्रवासानंतर एका चाकाजवळ हात नेला, डिस्कला न लावता, तर बाकीच्यांपेक्षा जास्त धग जाणवते. सर्व्हिसिंगला दर वेळी कॅलिपर उघडून साफ करून ग्रीस लावायला सांगा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर अधूनमधून दोन-चार ठाम ब्रेक लावले तर डिस्क स्वच्छ राहते. वाळूवर गाडी नेऊच नका, आणि किनाऱ्याजवळ राहात असाल तर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून घेत जा.

दुसरी जागा बॅटरीच्या हवेची जाळी. अनेक हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ किंवा डिकीत एक जाळी असते. तिथून पंखा आतली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ, कपड्यांचे तंतू, कुत्र्याचे केस तिथे साचतात, किंवा पिशव्यांनी जाळी झाकली जाते. बॅटरी तापली की गाडी स्वतःच तिचा वापर आखडता घेते, आणि इंजिन जास्त चालतं. मागून पंख्याचा आवाज वाढला असेल तर ही खूण समजा. जाळी कुठे आहे ते गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत बघा, वरवरची धूळ व्हॅक्यूमने काढा, आतला फिल्टर सर्व्हिस सेंटरकडून साफ करून घ्या. महिनोन्महिने गावी उभ्या राहणाऱ्या चाकरमान्यांच्या गाडीत उंदीर याच वाटेने घर करतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा मुंबईला परतण्याआधी एकदा बघून घ्या. नारिंगी रंगाच्या वायरींना मात्र हात लावायचा नाही. त्यात जीवघेणा विद्युतदाब असतो. पुराचं पाणी डिकीपर्यंत चढलं असेल तर गाडी सुरूही करू नका, टो करून न्या.

तिसरी, इंजिन ऑइल. या इंजिनांना ० डब्ल्यू १६ किंवा ० डब्ल्यू २० अशी फार पातळ ऑइलं लागतात. बाहेरच्या गॅरेजात ‘आपल्या गरमीत जाडच बरं’ म्हणून दुसरं ओतलं गेलं, तर दर किलोमीटरला त्याची किंमत मोजावी लागते. बिलावर ऑइलचा ग्रेड लिहून घ्या.

मोठ्या बॅटरीचा बिघाड यादीत शेवटी येतो. बॅटरीचा काटा काही मिनिटांतच भरलेल्यावरून रिकाम्यावर आणि परत भरलेल्यावर उड्या मारत असेल, किंवा हायब्रिड सिस्टिम तपासा असा इशारा लागला असेल, तर थांबू नका. मारुती, टोयोटा आणि होंडा यांच्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी असते. अटी पुस्तिकेत वाचा आणि सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवा.

सर्व्हिस सेंटरला जाताना ‘ॲव्हरेज देत नाही’ एवढंच सांगितलं तर गाडी धुवून परत मिळते. टाक्यांची वही सोबत न्या: तारीख, किलोमीटर, लिटर, कोणता रस्ता, माणसं किती. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून तुमच्या रोजच्या रस्त्यावर एक फेरी मारा आणि जॉब कार्डावर तक्रार नेमक्या शब्दांत लिहायला लावा: त्याच मार्गावर आधी किती येत होतं, आता किती येतं, कधीपासून. कॅलिपर, बॅटरीचा फिल्टर, टायरची हवा आणि बॅटरीच्या बिघाडाचे कोड दाखवणारी तपासणी, या चार गोष्टी नावानिशी मागा आणि तपासणीची प्रत घेऊनच गाडी ताब्यात घ्या.